ग्राहकाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत

१ फेब्रुवारी, शनिवार

नापास झालो. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, आता लपवायला काही उरलं नाही.

बावीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मशीन टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि पंख्याचा आवाज ऐकला की दुखणं कुठे आहे ते मला निम्मं कळतं. आणि परवा, गुरुवारी, परीक्षाकेंद्रातल्या एका कॉम्प्युटरनेच पडद्यावर लिहून दाखवलं की तंत्रज्ञ म्हणवून घ्यायला मी पात्र नाही. नऊशेपैकी पाचशे ऐंशी. पास व्हायला सातशे लागतात. त्या मशीनचा पंखा घरघरत होता, दोन महिन्यांत बंद पडणार आहे. हे कुणी विचारलं नाही.

खरं तर सुरुवात बरी होती. अकराव्या प्रश्नाला पर्यवेक्षक बाई मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आवाज करू नका." मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पाच मिनिटांनी परत आल्या, परत तेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यानंतर डोक्यात जो अंधार झाला तो शेवटपर्यंत. रॅम म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

घरी येऊन हिला समोर बसवून सगळं सांगितलं. आवाजाची गोष्ट ऐकून ही हसायला लागली, आणि मध्येच थांबली. मग शिलाईच्या मशीनवर मान खाली घालून बसली ती बसलीच. नापास नवऱ्याची लाज वाटली असणार. मला स्वतःलाच वाटतेय, तर तिला का नाही वाटणार?

ही वही वर्कशॉपमधली जुनी तक्रार-नोंदवही आहे, कोरीच पडली होती. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: तारीख, ग्राहकाचं म्हणणं (त्याच्याच शब्दांत), कारण, उपाय. मी रकान्यांवरून आडवं लिहितोय. तो दुसरा रकाना मी वर्कशॉपमध्येही कधी भरला नाही. ग्राहक म्हणतो "चालत नाही." ते तर दिसतंच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ज्या कंपनीची मशीन आम्ही दुरुस्त करतो तिने नियम काढलाय. एक एप्रिलपासून प्रमाणपत्र नसलेल्याने मशीन खोलायचं नाही. चौघांपैकी दोघे पास आहेत, एकजण पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. राहिला कोण ते उघड आहे. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले की काउंटरवर एक जागा आहे, आणि तुमच्यासारखा अनुभवी माणूस काउंटरवर असला तर उलट चांगलंच.

काउंटरवर काय करायचं? मशीन घ्यायचं, चिठ्ठी चिकटवायची, टोकन द्यायचं. इतकी वर्षं मशीनच्या पोटात हात घालणाऱ्याने आता वरून चिठ्ठ्या चिकटवायच्या. बावीस मार्चला आणखी एक परीक्षा आहे, ती शेवटची.

दुपारी चष्मेवाली माझ्या टेबलाशी आली. आमच्यात ती सगळ्यात नवीन, पहिल्या झटक्यात पास झालेली. वयाने माझ्या मुलीएवढी आणि बोलायला तिखट. म्हणाली, काका, आठवतील ते प्रश्न सांगा. मी सांगितलं: मशीन चालू होतं पण पडद्यावर काही येत नाही, तर सर्वांत आधी काय कराल? मी रॅम बदलून बघण्यावर खूण केली होती.

"काका, तुमचं उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली, "पण ते चौथं आहे."

मग तिने कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. आधी ग्राहकाला विचारा. मग अंदाज बांधा. अंदाज तपासा. मग हात लावा. मग सगळं नीट चालतंय ना ते ग्राहकासमोर बघा. शेवटी लिहून ठेवा. मी दरवेळी थेट चौथीवर उडी मारतो म्हणे. मी म्हटलं, अगं, बावीस वर्षं उडी मारून बरोबर जागी पडतोय ना? ती म्हणाली, पडत असाल, पण परीक्षेत पडलात.

९ फेब्रुवारी, रविवार

अभ्यास कमी, घरदुरुस्ती जास्त. काल कुरियरवाला पार्सल परत घेऊन गेला. तीनदा बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, असं त्याने चिठ्ठीवर लिहिलंय. ही तर दिवसभर घरीच होती, एका लग्नाचे ब्लाउज शिवत. बेल खोलली, सेल बदलले, तार तपासली. मी दाबली की वाजते. बिघाड सापडला नाही. तरी कटकट नको म्हणून नवीन आणून लावली, जुनीच्या दुप्पट आवाजाची. शेजारचे विचारायला आले की काय झालं.

हिचा अबोला चालूच आहे. मी स्वयंपाकघरातून परीक्षेचं काही बोललो तर बाहेरून साधं "हं"सुद्धा येत नाही. समोर जाऊन उभा राहिलो की मात्र चेहऱ्यावर हसू. लोकांना दाखवायचं हसू आता घरातही आलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून ही माझी परीक्षा घेते. तिनेच आपणहून पुस्तक हातात घेतलं, म्हणजे राग थोडा उतरला असावा. ती प्रश्न वाचते, मी उत्तर देतो. पण शाळेतल्या मास्तरणीसारखी शिस्त! मी खिडकीकडे बघत उत्तर दिलं की लगेच: "इकडे बघून सांगा." तोंडावर हात आला की: "हात काढा." मी म्हटलं, ही तोंडी परीक्षा नाही, तिथे खुणा करायच्यात. ऐकलं नाही. एक खरं की तिच्याकडे बघून बोलताना उडी मारता येत नाही. माणूस आपोआप सावकाश होतो. आज तीसपैकी बावीस बरोबर आली.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. स्क्रू टेबलाखाली गेला म्हणून वाकून शोधत होतो आणि तिथूनच पॉवर सप्लायच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ती म्हणाली, "बरोबर," आणि पुढे गेली. नंतर बघितलं तर साफ चूक. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की मन लावून करायचं नसेल तर करू नकोस. एरवी हिने मला सळो की पळो केलं असतं. आज फक्त म्हणाली, "चुकलं माझं." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून दोनदा ऐकलंय, त्यातलं हे दुसरं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरीला असते, रविवारी न चुकता करते. तिची तक्रार अशी की आई फोन उचलत नाही, उचललाच तर "कशी आहेस, जेवलीस का, बाबांशी बोल" एवढं म्हणून माझ्या हातात देते. मी म्हटलं, फोन जुना झालाय, स्पीकर बसला असणार. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईला विचारलंत का? विचारायचं काय त्यात? दुपारी फोन खोलून स्पीकर बदलला. काढलेला लावून बघितला, तोही ठणठणीत. असो, नवा तो नवाच.

हात लागलाच होता म्हणून टीव्हीही उघडला. हल्ली आवाज चाळीसवर ठेवावा लागतो. आत धूळ होती. साफ करून पंधरावर ठेवला. संध्याकाळी आलो तर परत चाळीस. माझ्या कामावर घरातच विश्वास नाही.

४ मार्च, मंगळवार

सराव परीक्षा: सहाशे चाळीस.

प्रश्न येत होते सगळे. पण घड्याळाचे आकडे उलटे पळायला लागले की माझी नजर तिथून हलत नाही, आणि ती पर्यवेक्षक बाई आत्ता मागून येईल असं वाटत राहतं. चष्मेवालीला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, काका, मशीन खोलण्याआधी तुम्ही काय करता?

मी काय करतो? कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावतो. कोरड्या हवेत अंगात वीज साठते. आपल्याला काही जाणवत नाही, आणि बोट लागलं की आतली चिप गपकन मरते. म्हणून आधी पत्र्याला हात, अंगातली वीज उतरवायची, मगच काम. इतकी वर्षं एकदाही चुकलेलं नाही. देवाला विसरेन, पण पत्र्याला नाही.

"मग खुर्चीचा पाय लोखंडी असेल ना तिथे," ती म्हणाली.

पोरगी हुशार आहे. आज घरी सराव करताना प्रत्येक अवघड प्रश्नाआधी खुर्चीच्या पायाला हात लावला. लांबलचक प्रश्न खूण करून मागे ठेवले, सोपे आधी उरकले. हात लावला की निदान मान खाली जाते आणि घड्याळ दिसत नाही.

११ मार्च, मंगळवार

सातशे पंधरा! हिला सांगितलं तर तिने टाळीच दिली. बऱ्याच दिवसांनी.

पुस्तकात खुणेसाठी तिने दवाखान्याची एक चिठ्ठी घातलीय. चोवीस मार्च, सोमवार, अकरा वाजता. वर दोन तारखा खोडलेल्या: तीस जानेवारी आणि अठरा फेब्रुवारी. डॉक्टर लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते, सारख्या तारखा फिरवतात. डोळ्यांचं असणार, सुईत दोरा ओवताना हल्ली पुढे वाकते. परीक्षा झाली की चांगला दिवा बसवून देतो तिच्या मशीनवर.

१८ मार्च, मंगळवार

आज बोलून गेलो. साहेबांनी काउंटरवर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय, परीक्षेला अजून चार दिवस असताना. ती बघून घरी आलो. ही पाठमोरी बसून शिवत होती. मी दारातूनच म्हटलं, मी आलो. काही नाही. चहा मिळेल का म्हटलं. काही नाही. मग जे दीड महिना मनात होतं ते बाहेर पडलं. म्हटलं, "तुला माझी लाज वाटते ना? एकदा सांगून टाक."

तिने मागे वळून बघितलं नाही. मशीन चालवत राहिली.

उत्तर न देणं हेही उत्तरच. मी बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आलो. परत आलो तर चहा तयार, आणि ही विचारते, "आज उशीर झाला?" इतकं बेमालूम नाटक मला जमलं नसतं.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या. पुस्तक मिटलं. हिने शर्ट इस्त्री करून ठेवला आणि खिशात पेपरमिंटच्या चार गोळ्या. म्हणाली, एक संपली की दुसरी, तोंड रिकामं ठेवायचं नाही. घसा कोरडा पडत नाही माझा, पण वाद घातला नाही.

२२ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर परत चौथ्या पायरीवर उडी पडेल.

तेच केंद्र, त्याच पर्यवेक्षक बाई. घरघरणारा पंखा बंद पडला असावा, ते मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. मला दुसरं मिळालं. खुर्चीचा पाय लोखंडी होता. गोळी तोंडात. लांब प्रश्न मागे ठेवले. बाई एकदाही माझ्याजवळ आल्या नाहीत. नव्वदपैकी बावन्न प्रश्न झाले, अडतीस मिनिटं शिल्लक, आणि माझ्या मनात आलं की आज जमतंय.

त्रेपन्नावा प्रश्न असा होता. घरातून तक्रार आली की आवाज ऐकू येत नाही. तंत्रज्ञाने स्पीकर बदलला, तार बदलली, दुसरं उपकरण लावून बघितलं. सगळे भाग चांगले निघाले, तक्रार तशीच राहिली. तंत्रज्ञाकडून काय राहून गेलं?

मी सवयीने पर्याय वाचायला लागलो आणि दुसऱ्या पर्यायावर माझा हात थांबला. वापरणाऱ्या व्यक्तीला विचारणं.

बेल चांगली होती. फोनचा स्पीकर चांगला होता. टीव्हीत नुसती धूळ होती. इकडे बघून सांगा. हात काढा तोंडावरचा. टेबलाखालून दिलेलं चुकीचं उत्तर. आणि ती चिठ्ठी. तीस जानेवारीला माझी पहिली परीक्षा होती. डॉक्टरांनी नाही, तिने तारखा फिरवल्या होत्या, आणि आताची तारीख माझ्या परीक्षेच्या बरोबर दोन दिवसांनंतरची.

मंगळवारी मी तिच्या पाठीला विचारलं होतं की लाज वाटते का. तिला मी आलोय हेही कळलं नव्हतं.

समोरची अक्षरं वाचता येईनात. उठावं आणि तडक घरी जावं असं इतकं जोरात वाटलं की मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. बाईंनी वर बघितलं. उठलो असतो तर काउंटर नक्की होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला काउंटरची पर्वा नव्हती. पण मग हेही डोक्यात आलं की तिने इतके महिने गप्प बसून जे सांभाळलं ते याच खुर्चीसाठी. मी उठलो तर तिचं सगळं गप्प बसणं फुकट.

खाली वाकलो. खुर्चीच्या पायाला हात लावला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही. वर बघितलं तेव्हा एकतीस मिनिटं उरली होती. दुसऱ्या पर्यायावर खूण केली आणि चोपन्नावा प्रश्न वाचला. दोनदा वाचला.

सातशे अठ्ठावीस.

बाईंनी निकालाचा कागद हातात दिला आणि अभिनंदन म्हणाल्या. मी आभार मानले का, आठवत नाही.

दारात उभा राहिलो. नव्या बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. किल्लीने उघडलं. ती पाठमोरी शिवत होती. हाक मारली नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. ती दचकली, वळली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा चेहरा पडला. मी रडत होतो म्हणून तिला वाटलं पुन्हा गेलं. तिच्यासमोर खाली बसलो आणि तोंडावर हात न आणता विचारलं, "कधीपासून?"

"आधी निकाल सांगा."

कागद दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवला. मग म्हणाली, "वर्ष होईल. आधी उजवा, मग दोन्ही. तुमचं एकदा होऊ दे म्हटलं."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बेल बदलत होतात," ती म्हणाली. आणि मग आम्ही दोघंही हसलो. ती जास्त हसली. मला ते नीट जमलं नाही.

२४ मार्च, सोमवार

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, काय त्रास होतो? माझं तोंड उघडलं होतं, मी ते मिटलं. तिने सांगितलं. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहतोय, पण त्यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकलं. गेलेलं परत येणार नाही, पण कानाच्या यंत्राने बराच फरक पडेल. माप घेतलंय, पुढच्या आठवड्यात यंत्र मिळेल. ते किती छोटं असतं आणि आतला सेल कसा बदलायचा ते मी विचारून घेतलं. बोलताना समोर बसायचं आणि आधी खांद्याला हात लावायचा, हेही डॉक्टरांनी सांगितलं. हात लावायची सवय मला आहेच, मशीनला लावत होतो.

साहेबांनी काउंटरची खुर्ची हलवली. चष्मेवालीने माझ्या टेबलावर पायऱ्यांचा तो कागद टेपने चिकटवलाय.

सहावी पायरी राहिली होती, लिहून ठेवणं. म्हणून संध्याकाळी ही वही घेऊन हिच्यासमोर बसलो. आज आडवं लिहायचं नाही, रकान्यात लिहायचं असं ठरवलं होतं. तिला म्हटलं, तुझी तक्रार काय ते तुझ्या शब्दांत सांग, जसं सांगशील तसं लिहितो. तिला आधी गंमत वाटली. मग दोरा दाताने तोडून तिने सुई बाजूला ठेवली. तिने सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, मी? कधी? ती म्हणाली, काम करताना नेहमी, वर्कशॉपमध्येही करत असणार. त्या पर्यवेक्षक बाई उगाच नव्हत्या बोलल्या, गोळ्या कशाला दिल्या होत्या?

तारीख: २४ मार्च.

ग्राहकाचं म्हणणं (त्याच्याच शब्दांत): बेल, फोन, टीव्ही, ते सगळं मी चालवून घेते. पण तुम्ही काम करताना गुणगुणता ना, ते वर्षभर ऐकू आलं नाही. तेवढं परत येतं का बघा.